रंगमंचाखालचा तुकडा

मार्गशीर्ष वद्य षष्ठी, वडसा

माती किती मोकळी आहे ते बघायला आज पुन्हा वावरात सळई खुपसली. दोन बोटं गेली आणि अडली. तीन वर्षं नांगर लावला नाही, धानाची धसकटं तिथेच कुजू दिली, गांडुळं वाढू दिली, तेव्हा कुठे ती हातभर जायला लागली होती. मग गावाने मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाला वावर मागितलं आणि मी कलासेवा म्हणून दिलं! अख्खा गाव रात्रभर ओल्या मातीवर बसला, नाचला. आता पेरलेला हरभरा मूळच धरेना.

धाकटा भाऊ महादेव म्हणतो, "दादा, तुये गांडुळं बी नाटक पाहूनच पळाले असतील. उद्या ट्रॅक्टर आणतो. आता नाई म्हणू नको."

क्षमा हे पृथ्वीचंच नाव. आमच्या वावराला कळवायचं राहिलं असावं.

नांगरलं तर तीन वर्षं गेली. नाही तर हंगाम गेला, आणि वावर त्याचंही आहे. काय करू?

संध्याकाळी रंगमंचाच्या फळ्या होत्या तिथे सळई टोचली. तिथे कुणाचा पाय पडला नव्हता. हातभर आत गेली.

महादेवला म्हटलं, आण ट्रॅक्टर. त्या तुकड्याभोवती मात्र सुतळी बांधली.

"दादा, नाटक संपलं नाई का अजून?"

गाठी पुन्हा ओढून पाहिल्या.