पुलापर्यंतचे अंतर

सोमवार

प्रिय दाजी,

मनापासून नमस्कार. ताईचा गुडघा कसा आहे? आता जिना एका दमात चढते असे ती फोनवर म्हणाली, पण तिचा शब्द मी पुरावा म्हणून धरत नाही. तुमचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. (माझा आवाज ऐकताच तुम्ही फोन ताईकडे देता, त्या मधल्या क्षणात मला तुमचा खोकला ऐकू येतो. गेल्या वेळी तो कोरडा वाटला. ज्येष्ठमध चघळावे.) आमच्याकडे सगळे ठीक. पत्राचे कारण खाली येईलच, घाई नाही.

त्या रविवारचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे ठरवूनच बसलो आहे. बावीस वर्षे दर रविवारी आपण आमच्या जेवणाच्या टेबलावर बोटभर उंचीच्या सैनिकांची युद्धे खेळलो, भांडलो एकाच रविवारी. त्या एकावरच लिहीत बसणे प्रमाणाला धरून होणार नाही. (तरी केवळ नोंदीसाठी: तुमचे घोडदळ पुलावर पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न होता. घोडदळाची चाल बारा इंच. तुमच्या कापडी टेपेने पूल बरोबर बारा इंचांवर होता, माझ्या पोलादी टेपेने बारा इंच आणि एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण पोहोचणे आणि न पोहोचणे यांच्यात कधीकधी तेवढेच असते. मी दोन्ही टेपा एकमेकींना लावून दाखवल्या आणि ताईच्या शिलाई मशीनच्या खणातली तुमची टेप ताणली आहे, असे म्हणालो. मग असेही म्हणालो की, म्हणजे बावीस वर्षे तुमचे घोडे हक्कापेक्षा जास्त पळाले. हे दुसरे वाक्य गरजेचे होते का, यावर दैनंदिनीत तीन पाने लिहिली आहेत; निकाल लागलेला नाही. तुम्ही "मोजत बस" म्हणालात आणि चहा न पिता गेलात. कंस संपला, विषय संपला.)

त्याला आता चार महिने झाले. लढाई होती तशीच टेबलावर आहे, वर जुनी चादर टाकली आहे. तुमच्या माघारी एकही घोडा हलवणे मला योग्य वाटले नाही. परिणामी आम्ही सगळे चार महिने ताट मांडीवर घेऊन जेवतो आणि मुलगी इस्त्रीच्या टेबलावर अभ्यास करते. गेल्या आठवड्यात वरणाची वाटी माझ्या मांडीवर लवंडली तेव्हा तुमची मेव्हणी (म्हणजे माझी पत्नी, नाते मी तुमच्या बाजूने लिहीत होतो, पण ती तुमची मेव्हणी लागत नाही, सलज लागते, हे लिहून झाल्यावर लक्षात आले. खाडाखोड नको म्हणून राहू देतो) म्हणाली, "अहो, एक तर खेळायला दुसरं माणूस आणा, नाहीतर माझं टेबल मला द्या. पुढच्या आठवड्यातल्या रविवारपर्यंत. सोमवारी मी ती सगळी फौज बुटांच्या खोक्यात भरणार आहे." तिने हे शांतपणे सांगितले. ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही.

दुसरे माणूस कुठे मिळणार, तर तेही तिनेच शोधून ठेवले होते. काल मोठ्या प्रदर्शन-सभागृहात चित्रकथा आणि खेळांच्या चाहत्यांचा, आवडत्या पात्राचे सोंग घेऊन यायचा मेळावा होता आणि त्यात टेबलावरच्या युद्धखेळांचे वेगळे दालन. मी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला दोन पेने लावली, पिशवीत टेप घेतली आणि निघालो. (टेप माझी घरचीच. वजनमापे खात्यात निरीक्षक असलो तरी ऑफिसची प्रमाणित टेप खासगी खेळाला वापरणे मला कधीच पटलेले नाही, हे तुम्ही जाणता.) दाजी, ती गर्दी! कोणाला शेपूट, कोणाला शिंगे. एका माणसाने अंगावर अख्खे पुठ्ठ्याचे कपाट चढवले होते आणि त्याला दारातून आत घ्यायला चौघे झटत होते. मी रांगेत गुमान उभा असताना पंख लावलेल्या एका मुलीने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "काका, तुम्ही कोण झालात?" मी म्हणालो, निरीक्षक. ती मैत्रिणीला म्हणाली, "बघ ना, किती बारकाईनं केलंय! पेनंसुद्धा!" आणि दोघींनी माझ्यासोबत फोटो काढला. मी नाही म्हणायला हवे होते का? खोटे तर काहीच बोललो नव्हतो. तरी फसवणूक झाल्यासारखे वाटले, फक्त कोणाची ते ठरत नाही.

आता खेळांविषयी. आपण इतकी वर्षे एकच खेळ खेळत बसलो आणि इकडे जग कुठल्या कुठे गेले. पहिल्या टेबलावर स्वयंपाकघर मांडले होते आणि चिलखत घातलेले उंदीर ते लुटत होते. सैन्य किती, तर माणशी चार उंदीर. मला वाटले उरलेले खोक्यात असतील, नव्हते. नियमांचे पुस्तक म्हणजे दुमडलेला एक कागद. मी तो दोनदा वाचला आणि उंदीर डब्याच्या कडेवर असताना तो डब्यात धरायचा की बाहेर, हे त्यात लिहिलेले नाही असे निदर्शनास आणले. खेळ शिकवणारा दाढीवाला म्हणाला, "काका, तेवढं चालतं हो." त्यानंतर लगेच माझा तिसरा उंदीर साखरेच्या डब्यात पडून मेला. वीस मिनिटांत खेळ खलास! आपल्याला वीस मिनिटे कोण कुठल्या खुर्चीवर बसणार यालाच लागायची. दुसऱ्या टेबलावर महाकाय गोगलगायींच्या पाठीवर बांधलेली गावे एकमेकांवर चाल करून जात होती. तिथे सैनिकांच्या हालचालीपेक्षा गोगलगायीची मर्जी महत्त्वाची, आणि ती मर्जी पत्ते पिसून ठरायची. माझी गोगलगाय पूर्ण वेळ झोपली. शेजारच्या खेळाडूने माझे सांत्वन केले. मला सांत्वन नको होते, मला गोगलगाय उठायला हवी होती.

तिसरा खेळ जहाजांचा. देखणा. शिडांवरच्या दोऱ्यासुद्धा रंगवलेल्या. (तुम्ही चित्रकलेचे मास्तर, तुम्ही काय म्हणाला असता ते मला ऐकू आले: "दोऱ्या ठीक, पण पाण्याला रंग कसला लावलाय?") इथे अंतर इंचात नव्हते, काड्यांनी मोजायचे. आखूड काडी, लांब काडी, प्रत्येकाला एकेक जोडी. मी माझी लांब काडी समोरच्याच्या काडीला सहज लावून पाहिली. दाजी, सवय आहे, खोडी काढायची म्हणून नव्हे. माझी काडी केसभर आखूड होती. मी हे सांगितले. विक्रेता म्हणाला, कापताना होतं असं. मी म्हणालो, मग सगळ्याच काड्या पाहायला हव्यात. टेबलावर चौदा जोड्या होत्या आणि माझ्यामागे तीस माणसांची रांग. नवव्या जोडीला कोणीतरी मागून म्हणाले, "अरे, हा खरोखरचा निरीक्षक आहे!" आणि ते कौतुकाने म्हटलेले नव्हते. मी चौदाही जोड्या तपासल्या, पाच वेगळ्या काढल्या, विक्रेत्याला नमस्कार केला. त्याने केला नाही. पुढच्या दोन टेबलांवर मी जवळ जाताच जागा भरल्या असल्याचे कळले, जरी मला रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या.

शेवटी कोपऱ्यात, पंख्याखाली, एक साठीच्या बाई एकट्या बसल्या होत्या. व्यवसायाने सुतार. खेळ त्यांनी स्वतःच तयार केलेला आणि घरे, छपरे, गिरणी, सगळे त्यांच्या हातचे लाकडाचे. दोन अग्निशामक पथके, एक जळती गिरणी. छपरावरून छपरावर शिड्या टाकत जायचे आणि आतली माणसे बाहेर काढायची. ज्याची माणसे जास्त वाचतील तो जिंकला. कोणालाही मारायचे नाही. प्रामाणिकपणे सांगतो, मी अर्धा तास एकाही नियमावर हरकत घेतली नाही. मग माझी शिडी. शेवटच्या छपरापासून गिरणीच्या खिडकीपर्यंत मी माझ्या टेपेने मोजले: सहा इंच आणि एक सूत. शिडी सहा इंचांची. आत तीन माणसे होती. बाईंनी त्यांची पट्टी लावली आणि म्हणाल्या, "पोहोचते की! टाका शिडी, वाचवा त्यांना."

दुसरा कोणी असता तर त्याने टाकली असती. मी त्यांना सौम्य शब्दांत समजावले की चूक स्वतःच्या फायद्याची असली तरी ती चूकच, आणि त्यांचे माप वापरून वापरून ताणले गेले असणार. असे घरोघरी होते, माझ्या दाजींचेही झाले होते. बाईंनी पट्टी माझ्या हातात दिली. ती घडीची, लाकडी होती. "साहेब, लाकूड ताणतं का हो कुठं?" असे म्हणून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे फासे थांबले. "तुमचीच टेप तपासून घ्या एकदा," त्या म्हणाल्या. माझी! एकवीस वर्षे मी दुसऱ्यांची मापे तपासतो आहे. मी शिडी टाकली नाही, तीन माणसे गिरणीत ठेवली, आभार मानले आणि घरी आलो.

तर असा हा मेळावा. एकूण पाहता नव्या खेळांत अर्थ नाही आणि नव्या माणसांत तर मुळीच नाही. ताईला नमस्कार. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये.

तुमचा मेव्हणा

ता. क. (बुधवार). पाकीट बंद केले होते, पुन्हा उघडले आहे. त्या बाईंचे बोलणे डोक्यातून जाईना, म्हणून काल जेवणाच्या सुट्टीत टेप ऑफिसच्या प्रमाण मापाला लावली. (खासगी वस्तू म्हणून साहेबांची लेखी परवानगी घेतली. साहेबांनी कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले.) सहा इंचांवर एक सूत जास्त दाखवते. बारावर एक सूत. चोवीसवरही एकच सूत. आता, ताणलेल्या मापाचा फरक लांबीबरोबर वाढत जातो. जो फरक वाढत नाही तो टोकाचा असतो. म्हणून माप नेहमी तीन ठिकाणी तपासावे. हे मी खात्यात आलेल्या प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी शिकवतो. त्या रविवारी तुमच्यासमोर मी एकाच ठिकाणी तपासले होते. बारा इंचांवर. माझ्या टेपेच्या टोकाची आकडी आत वाकलेली आहे. दैनंदिनी चाळली तेव्हा सहा वर्षांपूर्वीची नोंद सापडली: "पडदे लावताना टेप शिडीवरून पडली. काही झाले नाही." काही झाले नाही, हे माझ्याच अक्षरात आहे. म्हणजे तुमचे घोडे बावीस वर्षे हक्काचे तेवढेच पळाले आणि माझे पायदळ सहा वर्षे प्रत्येक चालीला एक सूत कमी चालत आले. मी हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "मग हे मला कशाला सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." म्हणून सांगतो: दाजी, तुमची टेप बरोबर आहे. चुकलो. ते दुसरे वाक्य तर गरजेचे नव्हतेच. तिसऱ्या पानाच्या शेवटी तसा निकाल आज लिहिला.

ता. क. दुसरा. मेळाव्यातून काही आणले नाही असे मी वर लिहिलेले नाही, एवढे पाहून घ्यावे. त्या सुतारबाईंचा गिरणीचा खेळ आणला आहे. खोक्यात दोन पथके आहेत, बिनरंगी. त्यांचे डोळे रंगवायचा मी एकदा प्रयत्न केला. माझे सगळे अग्निशामक एकाच दिशेला, चकित होऊन पाहतात. हे काम तुमच्याच हातचे. आणि त्या तीन माणसांना मी आत ठेवून आलो, ते मला बरे वाटत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्राचे कारण. रविवार ही शेवटची मुदत आहे. बुटांची खोकी येऊन पडली आहेत. चादर अजून काढलेली नाही. तुमचे घोडदळ पुलावर पोहोचले, मी ते स्वतः तिथे ठेवलेले नाही, तो तुमचा हक्क. येऊन ठेवावे. चहा आधी घ्यावा. ताईच्या मशीनच्या खणातली टेप आठवणीने आणावी, यापुढे दोघेही तिनेच मोजू. मात्र घोडदळ पुलावर ठेवल्यावर पाळी माझी आहे, आणि माझ्या तोफा पुलापासून किती अंतरावर आहेत हे मी चार महिने चादर वर करून पाहत आलो आहे. मोजलेले नाही. नुसते पाहिले आहे.