बोलपटानंतरचा तुमचा एकच खेळ

अण्णा, तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता दहा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा थोडं मोकळेपणानं लिहिते. सोनपेठेत तुम्हाला सगळे शिंपी म्हणून ओळखत. मुंबईच्या मूकपटांत तुम्ही तीन वर्षं लोकांना हसवलंत, हे फक्त आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसता बसता असे घसरताय, की हातातल्या ताटातलं वरण जराही सांडत नाही. "पुरे आता, भाकर करपायलीय," आई म्हणायची, पण हसू तिला आवरायचं नाही.

बोलपट आले आणि तुमचं काम संपलं. राजाच्या नोकराचं एकच वाक्य तुम्हाला दिलं होतं. ते आपल्या बोलीत निघालं, "महाराज, कुटं जायलाव?" सगळा स्टुडिओ हसला, पण ते हसू तुम्ही आणलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात तुम्ही गावी परतलात. पुढे मी एकदा बाजारातल्या लंगड्या म्हाताऱ्याची नक्कल करून मैत्रिणींना हसवत होते, तेव्हा मशीन थांबवून म्हणालात, "आपुन पडावं अन् लोकांनी हसावं. दुसऱ्याला पाडून हसवायचं न्हाई." ते मी जन्मभर पाळलं.

परभणीत ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत मी लागले, तेव्हा पहिला महिनाभर मुलं माझ्याकडे बघायचीच नाहीत. मी वैतागलेली पाहून तुम्ही म्हणालात, "एक दिस मला येऊ दे." सोमवारी आलात. वय पासष्ट, अंगात नुकताच इस्त्री केलेला सदरा. खुर्ची तुम्हाला बसूच देत नाही, असा खेळ अर्धा तास चालला. पाठ वळली की ती सरकायची, दटावली की गरीब व्हायची. मुलं आधी नुसती बघत होती. मग एका मुलीनं बाक बडवला आणि ती मोठ्यानं हसली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पाठोपाठ सगळा वर्ग हसला. तुमचा तसा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी चेहऱ्यानं आणि हातांनी शिकवू लागले. तीस वर्षं शिकवलं आणि चांगलं शिकवलं, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

एसटीची वाट बघत तुम्ही विचारलंत, "फुडल्या सोमवारी येऊ का?"

"हेडमास्तरांना बाहेरचं माणूस वर्गात चालत नाही, अण्णा."

"त्यांचंबी बरोबर हाय," म्हणालात आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, वहीतच राहील. म्हणून लिहिते. हेडमास्तरांनी तुम्हाला दर सोमवारी बोलवा असंच सांगितलं होतं. पण शाळा सुटल्यावर मुलं तुमच्या मागे फाटकापर्यंत गेली, आणि मी वर्गात एकटी राहिले. मला ते सोसलं नाही.