देवाची मूठ

रुथच्या बाबाले,

तुमी कापसाच्या जिनिंगवरून याल तवा मी येशूच्या देवळातल्या पाळकीणबाईसंगं दुपारच्या गाडीनं नागपूरच्या दवाखान्यात गेली असन. रविवारी तुमी देवळात उभं राहून साक्ष देली का प्रार्थनेनं माह्या छातीतली गाठ विरली. ते विरली नाई. चारचौघांत तुमी खोटे पडाल म्हणून मी गप रायली. आता थकली.

डॉक्टरीण कापते का वापस धाडते, देवाले मालूम. माह्यासाठी प्रार्थना करजा, पन त्यानं काय करावं ते त्याले शिकवू नका.

कढी चुलीवर हाय. रुथची वेणी शेजारची सुमित्राबाई घालून देईन. उद्या जवारी दळाले काढाल तवा माह्या वाटणीची काढू नका. रविवारी देवळात द्याची देवाची मूठ मात्र आंधी काढजा, अन् रोजच्यासारखी भरून काढजा.

सलोमी