वाचणारा थांबूनच राह्यला

७ ऑक्टो.
पुन्हा तेच. बाबा मले फोन करत नाई, मायले सांगते, माय मले. सोयाबीन सोंगाले, कापाले आलं, सोंगणीले घरचं पोरगं पायजेच. म्हटलं रविवारी परीक्षा आहे. मांगून बाबाचा आवाज, "नववी नापासाची कायची परीक्षा?" मायनं तेबी जसंच्या तसं सांगतलं, जसं मले ऐकूच आलं नाई.
परीक्षा म्हंजे, मी वजनकाटे पॅक करतो त्या कारखान्यात वर कॉम्प्युटरच्या खोलीत एक जागा आहे. तिथले सर म्हने, सी भाषेत दोन प्रोसेस कर, म्हंजे संगं चालनारे दोन प्रोग्राम. एकीनं वजनं पाइपातून द्याची, दुसरीनं बेरीज सांगाची. चाललं तं वर. नाई तं पॅकिंग.

८ ऑक्टो.
पाइप झाला, फोर्क झालं, एकाचे दोन प्रोग्राम झाले. वजनं पोचली. बेरीज येतच नाई. एरर नाई, काई नाई, नुसतं थांबून. अरे काईतरी बोल ना बाप्पा. खोलीतला संत्या म्हने बंद करून चालू कर. चारदा केलं. त्याले काय, तो निघाला सोंगाले, आपल्या गावी शेलूबाजारले.

१० ऑक्टो.
सापडलं. पाइपाले दोन तोंडं, एक लिहाचं, एक वाचाचं. फोर्क केलं का दोन्ही दोघाइजवळ येते. लिहिणाऱ्यानं आपलं बंद केलं, पण वाचणाऱ्याजवळ लिहाचं तोंड उघडंच. मंग त्याले वाटते, अजून काई येनार. दुसरं कोनी नव्हतंच. सोताच्याच हातातल्या तोंडाची वाट पाहून राह्यला, येडा. ते तोंड बंद कराची, क्लोजची एक ओळ. तिच्यापायी तीन दिवस.
बेरीज आली. सांगावं कोनाले.

११ ऑक्टो.
बाबाले फोन लावला. थेट. पोळ्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, प्रोग्राम चालला, वजनाची बेरीज करते. "ते तं आडत्याचा दिवाणजी बोटावर करते." मंग म्हने, "तीन एकर आहे. तुह्या मायले वाकणं होत नाई आता."
हे मायनं मले कधीच सांगतलं नाई. इकडचं तिकडं सारं सांगते, सोताचं तेवढं...

१२ ऑक्टो. सकाळ
अकराले परीक्षा. सरचा निरोप, उलटा पाइपबी लावून दाखव. म्हंजे बेरीज वापस पहिल्या प्रोसेसले द्याची. दोन पाइप, अन कोनी कोनतं तोंड बंद कराचं ते सारं नव्यानं. कागदावर काढलं, दोनदा चुकलं.
सोंगणारे गुत्त्यानं, ठेक्यानं, एकरी अडीच हजार मांगून राह्यले म्हने. बाबालेच लिहिलं, मायले वावरात नेऊ नका, मजूर लावा. वाचलं त्याईनं.
मजुरीचे पैसे बाबाले पाठवून राह्यलो, ७५००.