शिराजची गुलाबी कळी

१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार

बाबांनी खामगावला सापळे आणायला पाठवलं होतं, कपाशीवरच्या बोंडअळीचे पतंग पकडायचे. दुकान उघडं होतं, पैसे खिशात होते. पण सराफ्याच्या मागच्या गल्लीत एक मुलगी फुंकणीनं ज्योत वाकवून चांदीच्या तारेवर मारत होती. तार वळली, वेल झाली. बघत उभा राहिलो. तीन तास!

तिचं नाव नाजिश. भट्टी तिच्या वडिलांची, कादरचाचांची. चाचा जन्मभर पैंजणं करत आलेत. ही औरंगाबादला वर्षभर डिझाइनचा कोर्स करून परत आलीये. भिंतीवर इराणातल्या शिराजच्या एका मशिदीचे फोटो चिकटवलेत. फरशांवर गुलाबी फुलं, निळ्या वेली. ते म्हणे आता बायकांच्या कानात आणायचं.

"बसाचं असंन तर बस बे, उजेडातून हट," चाचा म्हणाले. बसलो.

सापळे राहिले.

१५ नोव्हेंबर

बाबांनी आज माझं ताट स्वतः वाढलं. हे वाईट.

१८ नोव्हेंबर

आज आधी सापळे घेतले, मग भट्टीवर गेलो. नाजिशनं खल पुढे सरकवला. मिना म्हणजे रंगीत काच. ती पाण्यात मैद्यासारखी वाटायची, चांदीच्या खाचेत भरायची, भाजायची. निळा पहिल्या झटक्यात बसतो. गुलाबी बसत नाही — पिवळा पडतो, नाहीतर काळवंडतो. कानातल्याच्या नऊ कळ्या वाया गेल्या.

"आपा, मंग निळंच काऊन नाही करत?"

"शिराज गुलाबी हाय."

पुण्याच्या एका दुकानाच्या मॅडम २३ डिसेंबरला बघायला येणार आहेत. चाचांनी सांगून ठेवलंय — मॅडमनं काही घेतलं तर भट्टी राहील. नाहीतर नव्या वर्षात भट्टी फोडायची आणि तिथं मोबाइलची कव्हरं विकायची. हातच्या पैंजणांना आता कोण विचारतं! "कव्हर बरं. जळत नाही," म्हणाले.

मी कुठंच टिकलो नाही. सुरत दोन महिने, शेगावला हॉटेलात पाच. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं, कारण पेपरच्या दिवशी लोणारला उतरलो. सरोवर बघितलेलं नव्हतं.

२ डिसेंबर

गुलाबी बसला! बाराव्या खेपेला! अर्धवट मिटलेली कळी, आत एकच पाकळी, वळलेली, गुलाबी. नाजिश ओरडली वगैरे नाही. चिमटा ठेवला आणि हात धुऊन आली. चाचांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिलं. "रंग धरला," एवढंच.

हे मी आधी कुठंतरी पाहिलंय. आठवेना.

३ डिसेंबर

आठवलं, जेवताना. जेवण पूर्ण केलं. पण नाजिशला सांगायचं नाही.

७ डिसेंबर

मी नाही सांगितलं. बाबांनी सांगितलं. मला हुडकत थेट भट्टीवर आले. कानातलं उचललं, बोंड बघतात तसं डोळ्याजवळ नेलं.

"ही तं डोमकळी हाय. अन् हे अंदर अळी. काऊन बनवली पोरी? आमच्या वावरातून फुकट नेली असती."

गुलाबी बोंडअळी लागलेलं कपाशीचं फूल उमलत नाही, मिटूनच राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. हुबेहूब तशीच झाली होती. काय करणार!

"काका, हे इराणचं काम हाय. शंभर वर्षांच्या वरचं," नाजिश म्हणाली.

"तवापासून हाय?" बाबा विचार करत म्हणाले. "मंग बियाणंवाल्याचा काय दोष."

चाचा हसले. हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. नाजिश हसली नाही.

९ डिसेंबर

गुलाबी जोड डब्यात. "इकडच्या कोन्त्या बाईच्या कानात अळी घालू?" म्हणाली. निळी सुरू केलीये. माझ्याशी बोलत नाही. अबोला बाबांशी धरायला हवा होता हिनं, धरलाय माझ्याशी.

घरी बाबांनी अळीनं खाल्लेल्या कपाशीत रोटावेटर फिरवला. सकाळी चार एकर उभं होतं, दुपारी नव्हतं. आई बांधावरून म्हणाली, "तू आज खामगावातच राह्यला असता तं बरं झालं असतं."

२३ डिसेंबर

मॅडम आल्या. निळी जोड हातात घेतली. "सुंदर आहे. पण निळं सगळीकडे मिळतं." दोनदा म्हणाल्या. चाचा भट्टीकडे बघायला लागले.

मग मॅडमनं आपल्याच हातानं डबा उघडला. "आणि हे?"

"शिराजची कळी," नाजिश म्हणाली.

"बोंडअळी," मी म्हणालो. माझं तोंड!

नाजिशनं माझ्याकडे असं पाहिलं की मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. डोमकळी, बाबा, रोटावेटर, सगळं सांगून टाकलं. मॅडमनं वहीत लिहून घेतलं. पान उलटून पुढंही लिहिलं. म्हणाल्या, हीच घेते, दोनशे जोड. फक्त बनतील राजकोटला, साच्यात. इथून नुसतं चित्र हवं.

म्हणजे घेतलं. आणि भट्टीला काम नाही.

"कव्हरं पक्की," चाचा म्हणाले.

नाजिशनं चहा मागवला. मग म्हणाली, "चित्र देतो. संगं मीबी येतो. साचा माह्यासमोर कापायचा. अन् हे निळे इथंच बनतीन, अब्बाच्या हातानं. वीस जोड."

"दहा."

"वीस."

चहावर साय आली. वीस.

३० डिसेंबर

चाचा सात दिवस तिच्या जाण्याला नाहीच म्हणताहेत.

"राजकोटात कोन हाय तुवं?"

"साचा हाय."

रोज हेच. मधल्या वेळात ती त्यांना मिना शिकवते. विद्यार्थी म्हणून चाचा बेकार आहेत. उलट उत्तरं देतात.

८ जानेवारी

नाजिश सकाळच्या एसटीनं राजकोटला निघाली; सोडायला चाचा स्वतः आले. मीही निघणार होतो. कुठं ते ठरलं नव्हतं, पण पिशवी भरली होती. स्टँडवरून परत आल्यावर चाचा तिच्या रिकाम्या पाटाकडे बघत म्हणाले, "वीस जोड हायेत. फुंकणी मारता येते का बे?"

"हाव," म्हटलं.

येत नाही.