स्टेरिंग माझ्याही हातात थरथरलं

भुजंग,

सकाळी तुझी जीप घेऊन अंबड रोडला गेल्तो. साठच्या वर गेली की स्टेरिंग माझ्याही हातात थरथरतं. मंग पुढची चाकं मागं टाकून पाहिली. आता स्टेरिंग शांत, पण सीट हलते. म्हणजे दोष चाकांचाच. जीप उंच करताना तू बसवलेल्या नव्या रिमचं मधलं भोक मोठं आहे, म्हणून चाक बराबर मधोमध बसत न्हाई. माप घेऊन मस्तगडला टर्नरकडं चाललोय, मधी बसवायला कड्या करून आणतो. तोवर जीप काढू नको.

स्टेरिंग न्हाई, तुझेच हात दारूनं कापतात, असं मी सगळ्यांसमोर बोललो. सहा महिने तू दारूला शिवलासुद्धा न्हाईस, हे तुझी उषा सांगत होती. मी ऐकलं न्हाई.

दाराशी तुझी भरलेली बॅग दिसली. संध्याकाळी सगळ्यांसमोरच माफी मागतो. तेवढं थांब.

धर्मराज