मशीनमागचे चार बोल्ट

बाबा, तुमचं वॉशिंग मशीन काल मी भिंतीपासून पुढे ओढलं. पट्टा तुटला होता. तुम्ही असतात तर ‘बायकांनी यंत्रात हात घालू नये’ म्हणाला असतात, म्हणून मुद्दाम मीच घातला. नवीन पट्टा आणला, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि मागचं झाकण काढायला गेले तर काय, प्रवासात ड्रम हलू नये म्हणून कारखान्यात लावलेले चारही बोल्ट जागच्या जागी. मशीन घरात आल्यावर आधी ते काढायचे असतात, नाहीतर कपडे पिळताना अख्खं मशीन हादरतं. पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे, चित्रासकट. पण पुस्तिका वाचायची ती इतरांनी. तुम्ही पडलात फोरमन.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. कंपनीचा माणूस कर्वेनगरच्या आपल्या दारात उभा आहे, मशीन फुकट बसवून द्यायला आलाय, आणि तुम्ही दार अर्धंच उघडून म्हणताय, “आम्हाला समजतं. आपण निघा.” आईने त्याच्यासाठी ठेवलेलं चहाचं आधणसुद्धा तुम्ही उतरवायला लावलंत. त्यानंतर कपडे पिळायची वेळ आली की मशीन बाल्कनीत थयथय नाचायचं आणि आई ते दोन्ही हातांनी दाबून उभी राहायची. सकाळी नळाला पाणी असतानाच कपडे लावावे लागत, म्हणून तिने भजनाचा वर्ग सोडला. कंबर धरली तिची. तुम्ही पेपराआडून सांगायचात, “नीट धर. कंपनीच भिकार, त्याला मी काय करू?” काय तो रुबाब! स्वतःचं कधी चुकू शकतं, ही शंकासुद्धा तुम्हाला शिवली नाही.

काल बोल्ट काढले, पट्टा चढवला, मशीन सुरू केलं. जागचं हललं नाही. आई सवयीने त्यावर हात ठेवून उभी होती. थोड्या वेळाने तिने हात काढून घेतले आणि विचारलं, “काय बिघडलं होतं गं?” बोल्ट माझ्या मुठीतच होते. वाटलं, समोर ठेवावेत आणि सांगावं, ही बघ तुझ्या नवऱ्याची अक्कल. पण मग तिने त्या सगळ्या सकाळी आठवून काढल्या असत्या, आणि त्या परत कुठून आणून देणार होते मी? म्हटलं, “पट्टा. मुळातच खराब आला होता.”

तिचा चेहरा उजळला. “हे म्हणायचेच, कंपनीची खोट आहे. कोणी ऐकलं नाही त्यांचं.”

हा कागद तिच्या हाती लागायला नको, आत्ताच फाडते. तुमचा मला अजून तितकाच राग येतो. पण ती तुमचं कौतुक करत होती तेव्हा मीही मान हलवली, बाबा.